बिनवाऱ्याचा पतंग

तारीख : अक्षय्य तृतीया, म्हणजे झाशीच्या बोलीत अक्ती. साल लिहीत नाही. ज्यांना माझं वय काढायचं असेल त्यांनी आपल्या जबाबदारीवर काढावं. वेळ : सकाळची, ऊन डोक्यावर यायच्या आधीची. जागा : ओरछा गेटबाहेर, आमच्या गल्लीच्या मागचं मोकळं मैदान. हजर : मी, वय चौदा, आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू शालनकाकू जगताप, त्यांचे यजमान मेजर जगताप, त्याच पहाटे गाडीतून उतरलेले, माझे बाबा, संशय यावा इतके खुशीत, माझी आई, अर्धं लक्ष मैदानात आणि अर्धं घरी भिजत घातलेल्या डाळीत, समोरच्या छतावर पंडिताइन चाची, आपल्या वाळत घातलेल्या पापडांसह, आणि उरलेल्या छतांवर सगळी गल्ली. गैरहजर : वारा.

ही हजेरी आधी देऊन टाकते, कारण आमच्याकडे हा विषय निघाला की जो तो आपल्या सोयीने माणसं वाढवतो. बाबा सांगायचे तेव्हा तर शेवटी शेवटी त्या मैदानात कलेक्टरसाहेब खुर्ची टाकून बसलेले असायचे. कलेक्टर नव्हते. एक म्हैसही नव्हती. म्हैस होती ती आधी, लक्ष्मी ताल नावाच्या तलावावर, आणि तिचं काम मोठं आहे, पण ते तिच्या जागी येईल.

आम्ही झाशीचे जुने मराठी. पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले, असं बाबा पाहुण्यांना सांगायचे. घरात चैत्रगौर बसायची, पंचपाळं निघायचं, आणि तरी आई मला हाक मारायची ती ‘मंजू, छतावरून कपडे उतरवून आण, आंधी येतेय’ अशी. शालनकाकू साताऱ्याच्या. यजमान फौजेत, पहिलं पोस्टिंग झाशीजवळच्या बबीना छावणीत म्हणून इकडे आल्या. मग त्यांना सीमेवर पाठवलं आणि या आमच्या वरच्या दोन खोल्यांत राहिल्या. पहिल्याच आठवड्यात जिन्यात उभ्या राहून त्यांनी आईला विचारलं, “वहिनी, तुम्ही मराठी बोलता का हिंदीत मराठीची चौकशी करता?” आई म्हणाली, “आणि तुम्ही बोलता का भांडता?” तिथून दोघींचं जमलं ते जमलंच. संध्याकाळी वरून खाली ठेचा यायचा, खालून वर कढी जायची, आणि बाबा दोन्हींच्या मध्ये बसून दोन्हींना नावं ठेवत दोन्ही संपवायचे.

त्या वर्षी काकू झाशीच्याच कॉलेजात बी.एड. करत होत्या. पहिलं वर्ष चालू होतं, दुसरं राहिलं होतं. आमच्या घराची सकाळ त्यांच्या सरावपाठाने व्हायची. छतावरच्या पाण्याच्या टाकीला वर्ग समजून त्या साताऱ्याच्या हिंदीत शिकवायच्या : “बच्चो, बताव, पत्ते का रंग हरा क्यों रहता है?” टाकी गप्प. “शाब्बास!” खाली आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, “त्या टाकीला पास करून टाका हो एकदाची.” मला तो आवाज फार आवडायचा. आमच्या घरात तोवर बायका शिकायच्या त्या लग्नाआधी, आणि लग्न ठरलं की पुस्तकं धाकट्या बहिणीकडे जायची. लग्न झालेली बाई परीक्षेला बसते आणि नापास व्हायला घाबरते, हे मी पहिल्यांदा पाहत होते.

थंडीत मेजर सुट्टीवर आले. उंच, टापटीप, जिन्यात आईला पाहिलं की बाजूला उभे राहणारे गृहस्थ. आपल्या आईवडिलांची काळजी करणारे. वाईट माणूस म्हणावा असं त्यांच्यात काहीच नव्हतं, म्हणून तर पंचाईत. एका रात्री जेवण आमच्याकडे होतं. मेजरांनी शांतपणे सांगितलं, की आता आई थकली आहे, तेव्हा शालनने उन्हाळ्यात साताऱ्याला जाऊन राहावं. काकू म्हणाल्या, माझं एक वर्ष राहिलंय, ते होऊ द्या. मेजर हसले. “शालन, एक वर्ष राहिलंय हे मला नवीन नाही. टायपिंगचं एक वर्ष राहिलं. माझ्या स्वेटरची एक बाही राहिली. परदेशातल्या कोर्सवरून तुझ्यासाठी एवढा पतंग आणला, तो एकदाही वर गेला नाही. एक गोष्ट तू पुरी केलेली दाखव.”

काकूंनी हातातला घास ताटात ठेवला. “काय पुरं करू ते सांगा.”

“पतंग उडव. साधी गोष्ट आहे.”

“उडवला तर?”

“तर बी.एड. कर. मी अक्षय्य तृतीयेला येतो. नाही उडला तर माझ्याबरोबर सातारा.”

मला वाटतं ते गमतीत बोलले. पण फौजेतल्या माणसाने साक्षीदारांसमोर दिलेला शब्द, तो त्यालाही गमतीत काढता येईना. बाबांनी लगेच दोघांचे हात हातात मिळवून टाकले. बाबांना अशा गोष्टींत फार उत्साह.

आता त्या पतंगाबद्दल. आमच्या झाशीचा पतंग म्हणजे कागद, दोन काड्या आणि एक दोरा. त्याचं आयुष्यात एकच काम, दुसऱ्याचा पतंग काटणं. हा तसला नव्हता. पसरलेल्या पंखांसारखा त्रिकोणी, चुरचुरणाऱ्या कापडाचा, आत बारीक नळ्या, आणि त्याला दोन दोरे, दोन्ही हातांत दोन मुठी. उजवा दोरा ओढला की उजवीकडे वळणार, डावा ओढला की डावीकडे, एकच ओढून धरला की गोल गिरकी घेणार. पेटीवरच्या चित्रात एक गोरा माणूस समुद्राकाठी उभा होता आणि त्याचे केस वाऱ्याने आडवे झाले होते. झाशीत उन्हाळ्याच्या सकाळी केस आडवे व्हायला पंख्याखाली बसावं लागतं. वारा म्हणून जो येतो तो दुपारी, लू होऊन, म्हणजे भाजून काढणारी झळ होऊन, आणि त्यात माणूस उभा राहिला तर पतंगाआधी माणूस खाली येतो.

काकूंनी मला धरलं, कारण मी कामं वाटून देणारी मुलगी म्हणून प्रसिद्ध होते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कोणी पन्हं द्यायचं, कोणी अत्तर लावायचं, कोणी चपला सरळ करायच्या, हे मी दहाव्या वर्षापासून ठरवत आले होते. आई म्हणायची, ही पोरगी स्वतःच्या लग्नात भटजींना क्रम सांगेल. (सांगितला. त्यांनी ऐकलाही.) मी काकूंना म्हटलं, आधी जागा, मग दोरा, मग वारा. जागेपासून चुकलो. पहिला प्रयत्न छतावर केला. काकूंनी दोन्ही हात झटक्याने मागे ओढले, पतंग नाकावर आपटला, आणि काकू टाकीवर. टाकीने तेव्हा पहिल्यांदा आवाज काढला.

मग आम्ही लक्ष्मी तालावर जाऊ लागलो. उन्हाळ्यात तलावाचं पाणी आत सरकायचं आणि काठाला भेगाळलेल्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडायचा. पहाटे महालक्ष्मीच्या देवळातली घंटा, धोब्यांचे कपडे आपटल्याचे आवाज, आणि पाण्यात बसलेल्या म्हशी. आईने अट घातली होती, उन्हं येण्याआधी घरी, आणि कोणी विचारलं तर देवळात गेलो होतो म्हणायचं. “खोटं कसं बोलू?” मी विचारलं. “मग देवळात जा आधी,” आई म्हणाली. आम्ही रोज घाईघाईने देवीला हात जोडून पतंगाची पेटी उघडायचो. पेटीतले दोरे जाड आणि जड होते. पतंगाला त्यांचं ओझंच पेलवेना. ते काढून मी सद्दी लावली, म्हणजे पतंगाचा साधा, मांजा न चढवलेला बारीक दोरा. दोरा हलका झाल्यावर पतंग आपटायचा तो थोडा उशिरा आपटू लागला. प्रगती.

बरेच दिवस तेवढीच प्रगती. मी पतंग धरून उभी, दूर काकू दोन मुठी घेऊन. “सोड!” मी सोडायची. काकू पाय रोवून हात वर ओढायच्या. पतंग माणूसभर उंच जायचा, विचार करायचा, आणि खाली. धोबी पहिल्यांदा हसले, मग सल्ले देऊ लागले, मग त्यांनी आमच्याकडे बघणं सोडलं, आणि ते सगळ्यात लागलं. एकदा काकू मातीत बसूनच राहिल्या. म्हणाल्या, “मंजू, साताऱ्याला आमच्या घरी डोक्यावरचा पदर खाली आला तर सासूबाई बोलत न्हाईत, नुसत्या बघतात. मी तिथं दुसरं वर्ष कुठलं करणार? शेणी मोजायचं?”  मी दोरे गुंडाळले.

म्हैस आली ती त्यानंतर एकदोन दिवसांनी. पाण्यातून उठली आणि काकूंच्या केशरी साडीत तिला काय दिसलं कोण जाणे, सरळ त्यांच्याकडे चालू लागली. मी तेवढ्यात पतंग सोडला होता. काकूंना पळायचं होतं, पण पाठ फिरवायची भीती; तेव्हा त्या म्हशीकडे तोंड करून, दोन्ही मुठी छातीशी धरून, भराभरा मागे मागे जाऊ लागल्या. आणि पतंग चढला. न थरथरता, सरळ, शिडी चढावी तसा, देवळाच्या कळसाकडे. “काकू, वर बघा!” मी ओरडले. “वर काय बघतेस, म्हैस बघ!” त्या ओरडल्या. पतंग त्यांच्या जवळजवळ डोक्यावर येऊन थांबला आणि म्हैस कंटाळून वळली.

घरी येऊन मी पोळी खाता खाता विचार केला आणि पोळी तशीच राहिली. वारा पतंगाकडे येत नसेल तर पतंगाला वाऱ्यात ओढायचं. एवढंच तर होतं. पाय रोवायचे नाहीत. मागे चालायचं, पतंग चढतो. मागची जागा संपली की हात सैल सोडून पतंगाकडे पुढे चालत जायचं, तेवढ्या वेळात तो तरंगत लांब जातो. मग पुन्हा मागे. ओढणं हातांचं नाही, पायांचं. दुसऱ्या दिवशी आधी मी करून पाहिलं. पतंग वर गेला, दोरे ताणले गेले, आणि तळहातांत काहीतरी जिवंत आल्यासारखं झालं. आज मी एका शाळेचं कार्यालय चालवते. तिथे रोज दहा गोष्टी माझ्या सांगण्यावरून हलतात, पण त्या पहिल्या ओढीची मजा त्यातल्या एकीतही नाही. काकू माझ्या मागून चालत होत्या, मी भेगेत पडू नये म्हणून. “आता मला दे,” त्या म्हणाल्या, “न्हाईतर सातारला तुलाच जावं लागंल.” अक्ती जवळ येईतो त्यांना गिरकी जमली. गिरकीत दोरे एकमेकांवर पिळले जात, पण सद्दी गुळगुळीत. दोरे एकमेकांवरून घसरत आणि पतंग हातचा जात नसे. हे लक्षात ठेवा.

अक्तीच्या आदल्या दिवशी घरात आंबेडाळीची कैरी किसली जात होती, पन्ह्याच्या गुळाला मुंग्या लागल्या म्हणून आरडाओरडा चालू होता, आणि बाबा दोऱ्याच्या दोन्ही गुंडाळ्या घेऊन गुपचूप बाहेर पडले. बाबांच्या डोक्यात एक विचार आला होता आणि तो झाशीच्या हिशेबाने अगदी बरोबर होता. एरवी तालावर कोणी बघत नाही. पण झाशीत पतंगांचा दिवस अक्तीचा, संक्रांतीचा नव्हे, आणि त्या दिवशी आकाशात जो पतंग चढेल तो काटला जाणार. साध्या सद्दीवर शालनवहिनी पहिल्या मिनिटाला कटणार आणि साताऱ्याला जाणार. तेव्हा बाबांनी दोन्ही दोऱ्यांना मांजा चढवून आणला. काचेचा, चांगला कडक. कोणाला सांगितलं नाही. त्यांना शाबासकी शेवटी हवी होती.

सकाळी त्यांनी स्वतःच दोरे पतंगाला बांधले, मैदानात पसरले, आणि मुठी काकूंच्या हातात दिल्या. मेजर छातीवर हात बांधून उभे. छतांवर पोरं पतंग घेऊन तयार, पण तीही अडलेली, कारण एकाचाही कागद हलत नव्हता. मी दुसऱ्या टोकाला पतंग उचलला आणि नाकाशी आलेला दोरा पाहिला. गुलाबी. बोट फिरवलं तर बोटाला चरा. झाशीची मुलगी मी, कधी पतंग काटला नसला तरी मांजा ओळखते. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी लांबून मला डोळा मारला.

“काकू, थांबा!” म्हणेपर्यंत काकू मागे निघाल्या होत्या आणि पतंग माझ्या हातातून गेला होता.

काय गेला तो! वारा नाही, झाडाचं पान नाही हलत, आणि हा त्रिकोण सरळ वर. छतांवरची पोरं आपले पतंग टाकून कठड्याशी आली. बिनवाऱ्याचा पतंग कोणी पाहिलाच नव्हता. काकू मागे गेल्या, पुढे आल्या, पुन्हा मागे. पतंग डावीकडून उजवीकडे पंडिताइन चाचीच्या छतावरून आडवा गेला आणि चाची टाळ्या पिटत म्हणाल्या, “अरे मोरी मइया!” मी पळत पळत काकूंकडे येत ओरडत होते, “गिरकी नको! गोल फिरवू नका!” पण तोवर गल्लीचा आवाज फुटला होता. “भाभी जी, गोल! गोल घुमाओ!” आणि या गोंधळात मेजर, अगदी सहज, कौतुकानेच म्हणाले, “नुसतं सरळच जमतं का?”

काकूंनी उजवा हात ओढला. पतंगाने सुरेख गिरकी घेतली. दोन दोरे एकमेकांवर पिळले गेले, काच काचेवर घासली, आणि उजवा दोरा तुटला. आकाशात दुसरा पतंग नसताना आमचा पतंग आम्हीच काटला. गल्लीने सवयीने आरोळी ठोकली, “वो काटा!” आणि मग कोणाला कोणी काटलं याचा सगळ्यांना प्रश्न पडला. एका दोऱ्यावर गरगरत पतंग खाली आला तो चाचींच्या छतावर, पापडांत.

बाबांच्या चेहऱ्यावरची शाबासकीची तयारी हळूहळू उतरली. “मी म्हटलं, मांजा असावा,” ते म्हणाले. आईने त्यांच्याकडे पाहिलं. साताऱ्याच्या सासूबाई कशा बघत असतील ते मला तेव्हा कळलं.

मेजर वाईट वाटल्यासारख्या आवाजात म्हणाले, “अर्धंच राहिलं, शालन.” काकूंच्या हातात एक ताणलेला दोरा होता आणि एक लोंबणारा.  

“काए, लाला!” वरून चाचींचा आवाज आला. एका हातात पतंग, दुसऱ्या हातात फुटलेला पापड. “हमाए पापर टोर दए, सो अलग बात। पर उड़ी तो हती! हमने देखी, पूरे मुहल्ला ने देखी। आधी काए की?” म्हणजे, अर्धी कसली?

“चाची जी, कट गई ना,” मेजर अदबीने म्हणाले.

“कटत बई है जो उड़त है। अब तुम उड़ा कें दिखाओ, तब जानें!”

जो उडतो तोच कटतो, आता तुम्ही उडवून दाखवा : छतांना चाचींचं हे म्हणणं पसंत पडलं. “मेजर साब! मेजर साब!” सुरू झालं. काकूंनी मान वर केली. म्हणाल्या, “अहो, साधी गोष्ट आहे.” आणि मुठी पुढे केल्या.

मी घरून साधी सद्दी आणली, दोरे बदलले, मांजा बाबांच्या खिशात कोंबला. मेजरांनी बाह्या दुमडल्या, पाय फाकवून रोवले, हात ओढले. पतंग माणूसभर वर, विचार, खाली. मी म्हटलं, “काका, मागे चाला.” ते म्हणाले, “असू दे, जमतंय.” पुन्हा खाली. काकू म्हणाल्या, “मागं सरका हो.” मेजर म्हणाले, “मागे कशाला सरकू? समोर काही नाही आहे.” साऱ्या गल्लीच्या देखत, छातीचा माणूस, हातात दोरे घेऊन मागे मागे चालतोय हे त्यांना नजरेसमोर आणवेना. ऊन चढलं. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला. छतांवरचे लोक न्याहारीला गेले, परत आले, आणि मेजर तिथेच, त्याच दोन पायांवर. शेवटी काकूच पाणी घेऊन गेल्या.

दुपारी आमच्याकडे हळदीकुंकू. पुरुषांना आत मज्जाव, म्हणून मेजर जिन्याच्या पायरीवर आंबेडाळीची वाटी आणि पन्हं घेऊन बसले होते. झाशीतल्या सगळ्या मराठी बायका त्यांच्या बाजूने आत गेल्या आणि बाहेर आल्या, आणि बातमी इतकी पसरली होती की एकूण एक बाई विचारायची, “जमलं का हो?” ते “नाही” म्हणायचे आणि डाळ खायचे. मी तिसऱ्यांदा वाटी भरायला गेले तेव्हा काकू अत्तरदाणी घेऊन दारात उभ्या होत्या. मेजरांनी वर न बघता विचारलं, “कॉलेज कधी उघडतंय तुझं?”

“जुलैत.”

“मग आईला कळवतो.” आणि मला म्हणाले, “बेटा, मीठ कमी आहे.” मीठ कमी नव्हतं.

काकूंनी बी.एड. पुरं केलं, चांगल्या वर्गात. स्वेटरला बाही मात्र आजही एकच आहे. आता दोघं साताऱ्याला असतात, सासूबाई कधीच्याच गेल्या, काकू शाळेतून मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाल्या. घरामागे पठार आहे आणि त्यावर बारा महिने वारा असा, की उभं राहिलं तरी माणूस तिरका होतो. तिथे मेजर रोज संध्याकाळी पतंग घेऊन जातात, पाय रोवून उभे राहतात, आणि पतंग आपला आपण उडतो. फोनवर मला सांगतात, “मंजू, उगीच तुम्ही दोघींनी अवघड करून ठेवलं होतं. मला येतं.” मागून काकू ओरडतात, “वाऱ्याला येतं, ह्यांना न्हाई!”

त्यांना एकदा अक्तीच्या सकाळी झाशीत आणून, पान हलत नसताना, मैदानात उभं करायचं आहे. मैदानावर आता घरं झाली, तेव्हा जागा तालावरची घ्यावी लागेल. म्हशी आहेत. तिकिटं दोनदा काढली. एकदा त्यांचा गुडघा आडवा आला, एकदा माझी शाळा. हे काम राहिलं आहे.